बहात्तर तास आणि एकच काटा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवत. उत्तर बरोबर आलं तरी रीत मांडली नसेल तर ते अर्धेच गुण देत, हे सभागृहातल्या अनेकांनी सोसलेलं आहे. आजचा विषय संगणकाचा असला तरी दुखणं तेच आहे. उत्तर रोज बरोबर येतंय, रीत मात्र चुकलेली आहे, आणि ती चुकल्याचा कोणाला पत्ता नाही. संयोजकांनी पत्रिकेवर 'क्लाउड आणि मोबाईल ॲपसाठी समांतर प्रोग्रॅमिंग : व्यवसायातील जोखीम' असं भारदस्त शीर्षक छापलं आहे. एका गृहस्थांनी मला दारातच विचारलं, हे परभणीत कशाला? मी म्हटलं, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपणच सांगत फिरतो, मग जर्मनीत चालणारा विषय इथं का चालू नये?

हे झालं हसण्यावारी. खरं उत्तर १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या पावसात आहे. त्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. शेंगा धरलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, कापूस आडवा झाला होता. तेव्हाच्या पीकविम्याचा नियम असा होता, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचं. ॲपवरून कळवा, १४४४७ या क्रमांकावर फोन करा, बँकेत सांगा किंवा कृषी खात्यात सांगा. वाचायला नियम साधा आहे. पण पाऊस काही प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी भेटत नाही. एका रात्रीत तो पाथरीपासून पालमपर्यंत पडतो, आणि लाखो शेतकऱ्यांचे ७२ तास एकाच घटकेला चालू होतात. अशा वेळी गावातल्या सेवा केंद्रावर जाऊन उभं राहा. केंद्रचालक पोरगा एका संगणकावर चार खिडक्या उघडून बसलेला असतो, शेजारी दोन मोबाईल. तुम्ही विचारलं की मान वर न करता तो सांगतो, "गोल फिरायलंय."

त्या फिरणाऱ्या गोलामागे काय चाललेलं असतं आणि ते थांबलं तर भुर्दंड कोणाला, एवढंच आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काम अनेक यंत्रांत वाटून देणं हे आता काही अवघड राहिलेलं नाही, पैसे मोजले की यंत्रं भाड्याने मिळतात. वाटलेलं काम पुन्हा एकत्र येतं त्या जागेची मालकी मात्र कोणी घेत नाही. तांत्रिक चूक तिथं होते आणि धंद्याचं नुकसानही तिथंच होतं. ते नुकसान बहुतेक वेळा शेवटच्या माणसाच्या पदरात पडतं, कारण करार लिहिताना तो खोलीत नसतो.

आधी थोडा मागचा इतिहास. काम वाटून करण्याची वेळ संगणकावर आलीच का? जवळजवळ चाळीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चैन होती. तुमचा प्रोग्रॅम संथ आहे? दोन वर्षं थांबा, नवा प्रोसेसर येईल, तोच प्रोग्रॅम जास्त वेगाने धावेल. पुढे ही चैन उष्णतेने संपवली. प्रोसेसरचा ठोका वाढवत नेला तसा तो तव्यासारखा तापू लागला. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाचा पुढचा प्रोसेसर अर्ध्यात सोडून दिला आणि एका चकतीवर दोन गाभे, म्हणजे कोअर, बसवण्याची वाट धरली. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. आज तुमच्या खिशातल्या दहा-बारा हजारांच्या फोनमध्येही बहुधा आठ कोअर आहेत. ते सगळे सारखे नसतात. काही दांडगे आणि बॅटरीखाऊ, काही लहान आणि काटकसरी. फोन तापला की दांडग्यांना आवरावं लागतं. म्हणजे ज्या ॲपचं काम नीट वाटलेलं नाही, ते तुमच्या फोनवरचे सात कोअर रिकामे ठेवून एकालाच राबवतं.

महाराष्ट्राला ही विद्या मोबाईलच्या आधी कळली, आणि ती हवामानामुळे. ऐंशीच्या दशकात भारताला मोसमी पावसाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेने हवी ती वरच्या दर्जाची क्रे कंपनीची यंत्रं द्यायला नकार दिला, त्याखालचं एक दिलं, तेही अटी घालून. मग १९८८ मध्ये पुण्यात असा संगणक बांधण्यासाठी सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्यापुढे पेच असा, की क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर आपल्याला बनवता येणार नव्हता आणि कोणी देणारही नव्हतं. बाजारात मिळत होते ते ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे बेताचे प्रोसेसर. तेच कित्येक एकत्र बांधून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याच काळात मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' बांधला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने तर त्याही आधी, १९८६ मध्ये, 'फ्लोसॉल्व्हर' चालवून दाखवला होता. पुढे २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या 'एका' या यंत्राने जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला. नकारातून भारत महासत्ता झाला वगैरे जी भाषणं होतात ती मला थोडी जास्तच वाटतात. पण एक गोष्ट खरी. या लोकांना पहिल्या दिवसापासून एक ठाऊक होतं, की अवघड भाग यंत्रं जोडण्याचा नाही, त्यांच्याकडून एका मेळाने काम करवून घेण्याचा आहे. सी-डॅकचा बराच जीव त्या सॉफ्टवेअरमध्ये गेला.

हवामानाचं काम वाटायला सोपं दिसतं. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि एकेका प्रोसेसरला काही चौकोन द्यायचे. बारा किलोमीटरचा चौकोन धरला तर आपला सबंध जिल्हा चाळीस-पंचेचाळीस चौकोनांत मावतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे पावणेदोनशेच्या आसपास तुकडे. जिंतूरच्या डोंगराचा पाऊस आणि गंगाखेडच्या गोदाकाठचा पाऊस वेगळा मोजायचा तर हे हवंच. पण चौकोन निम्मा केला की संख्या चौपट होते आणि गणिताची पावलंही निम्म्या काळाची टाकावी लागतात, म्हणून काम आठपट. त्यातही ढग काही चौकोनाची हद्द पाळत नाही. प्रत्येक पावलानंतर प्रत्येक प्रोसेसरने शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्या कडेला वारा किती, बाष्प किती? सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. सर्वांत संथ प्रोसेसर जो असेल, त्याच्या चालीने सबंध महासंगणक चालतो. आपल्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जो हवामानाधारित सल्ला निघतो, त्याच्या पोटात ही सगळी एकमेकांसाठी थांबाथांब आहे.

या थांबण्याचा हिशोब जीन ॲमडाल या अभियंत्याने १९६७ मध्ये मांडला. तो समजून घ्यायला मानवत किंवा सेलूच्या जिनिंगवर चला. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर आलेली असते. मालक म्हणतो, रेचे वाढवा, हमाल वाढवा. वाढवले. रांग तशीच. कारण दारात वजनकाटा एकच आहे, आणि प्रत्येक गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा अशी दोनदा त्याच्यावर चढते. ॲमडालचं सूत्र एवढंच सांगतं, की कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एकच करावा लागत असेल, तर तुम्ही हजार यंत्रं लावा की लाख लावा, काम दहापटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. विसावा हिस्सा असेल तर वीसपट. बस्स. क्लाउड विकणारा प्रतिनिधी तुम्हाला रेचे विकतो. काटा कुठं आहे हे तो सांगत नाही. खरं तर त्याला ते ठाऊकही नसतं, कारण काटा तुमच्या आज्ञावलीत असतो.

सरकारी ॲपमध्ये हा काटा बहुधा माहितीचं एकच कोठार असतं, जिथं सातबाऱ्याची, आधारची किंवा बँक खात्याची पडताळणी होते. पुढचे सर्व्हर दुप्पट केले, तरी प्रत्येक अर्ज शेवटी त्या एकाच दारातून जातो. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. आदल्या वर्षी एक कोटीच्या आत असलेले अर्ज त्या वर्षी एक कोटी सत्तर लाखांवर गेले. मुदत ३१ जुलैची होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. रात्री दोन वाजता 'लिंक' चांगली चालते म्हणून तेव्हा केंद्रं उघडी ठेवणारे चालक मराठवाड्यात गावोगावी भेटतील. मुदतीने गर्दी होते आणि गर्दीने मुदत वाढते, हा आपला वार्षिक उत्सव झाला आहे. रेल्वेने मात्र १५ जून २०१५ पासून एक साधी गोष्ट केली. तत्काळ तिकिटांपैकी वातानुकूलित डब्यांची दहा वाजता आणि बाकीची अकरा वाजता. गर्दीच दोन घटकांत वाटून दिली. त्याला ना नवा सर्व्हर लागला ना नवी निविदा. नऊ तालुक्यांना नऊ वेगवेगळ्या मुदती देणं हे परभणी जिल्ह्यात अशक्य नाही, पण 'अंतिम दिनांक' सगळ्या राज्याला एकच असला पाहिजे असा आपल्याकडे दंडक आहे.

इथं एक सावधगिरी. सगळं खापर सर्व्हरवर फोडू नये. २०१७ च्या कर्जमाफीत याद्या परत तपासायची वेळ आली, त्यात एका आधार क्रमांकावर अनेक खाती लागल्याचं निघालं. तो घोळ समांतर आज्ञावलीचा नव्हता. भरलेली माहितीच तशी होती.

आता संथपणा सोडून चुकीकडे येतो. संथ यंत्र निदान दिसतं तरी. चुकीचं यंत्र वेगात चालतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

समजा तुमच्या गावातली पतसंस्था आहे. एका खात्यात १०,००० रुपये. नवरा शहरातून मोबाईलवरून ६,००० काढतो, त्याच क्षणी बायको गावातल्या खिडकीवर ७,००० काढते. दोन सर्व्हर दोन विनंत्या घेतात. पहिला वाचतो, शिल्लक १०,०००, पुरेशी आहे. दुसराही वाचतो, शिल्लक १०,०००, पुरेशी आहे. पहिला पैसे देतो आणि शिल्लक ४,००० लिहितो. दुसरा पैसे देतो आणि ३,००० लिहितो. संस्थेने १३,००० रुपये दिले, आणि खात्यात वर ३,००० उरले. दोन्ही सर्व्हर आपापल्या जागी बरोबर होते. पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जी फट राहिली, तिथून पैसे गेले. याला या धंद्यात 'रेस कंडिशन' म्हणतात. पहिला शिल्लक वाचून लिहीपर्यंत दुसऱ्याने त्या खात्याला हात लावायचा नाही, एवढी एक कडी घातली की फट बुजते. हा उपाय १९६५ पासून, एड्सगर डाइक्स्त्राच्या लेखापासून माहीत आहे. मग चूक का राहते? कारण चाचणीत ती सापडत नाही. तुम्ही हजार वेळा करून पाहा, दोन विनंत्या त्याच हजारांश सेकंदात गाठ पडणार नाहीत. आणि कडी घातली की तिथं रांग लागते, तो झाला आणखी एक वजनकाटा. वेग हवा म्हणून कोणी तरी कडी सैल करतो.

अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्येकडची राज्यं आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला, जवळजवळ पाच कोटी लोक. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आधीच मुकी झाली होती. तारा झाडांना टेकत होत्या, एकेक वाहिनी बंद पडत होती आणि पडद्यावर सगळं शांत. पुढे कित्येक आठवडे लाखो ओळी तपासल्यावर निघालं ते हेच, दोन प्रक्रिया एकाच माहितीवर एकाच वेळी लिहू गेल्या होत्या. बनवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ही यंत्रणा त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून ३० लाख तासांहून अधिक चालली होती आणि ती चूक कधीच वर आली नव्हती. तीस लाख तास उत्तर बरोबर. सरांनी अर्धे गुण का कापले असते ते आता कळेल.

ही जुनी गोष्ट झाली असं वाटत असेल तर एक नरक चतुर्दशी आठवा. २० ऑक्टोबर २०२५, सोमवार. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रातला एक मुख्य डेटाबेस पत्त्यावरून गायब झाला. यंत्रं चालू होती, माहिती सुखरूप होती, पण तिथं जायचा पत्ताच कोरा झाला. स्नॅपचॅट, सिग्नल यांच्यापासून असंख्य सेवा कोलमडल्या, सगळं पूर्ववत व्हायला पंधरा तासांच्या आसपास लागले. कंपनीने नंतर कारण प्रसिद्ध केलं, ते वाचण्यासारखं आहे. पत्त्यांची यादी ताजी ठेवायला एकमेकांपासून स्वतंत्र असे अनेक स्वयंचलित कारकून ठेवलेले होते. अनेक का? एक बंद पडला तर दुसरा असावा, म्हणजे सुरक्षेसाठीच. त्यातला एक रेंगाळला. त्याच्या हातात जुनी यादी होती. ती लावण्यापूर्वी त्याने तपासलं होतं, की आपली यादी सध्याच्या यादीपेक्षा नवी आहे ना? होती. पण तो रेंगाळला तेवढ्यात दुसऱ्याने आणखी नवी यादी लावली आणि जुन्या याद्यांची साफसफाई सुरू केली. मग पहिल्याने आपली जुनी यादी नव्या यादीवर चढवली आणि दुसऱ्याने 'ही तर फार जुनी' म्हणून ती पुसून टाकली. बाकी राहिलं शून्य. पाहणं आणि लिहिणं यांच्यामधली ती पतसंस्थेतलीच फट. जगातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपनीला ती चुकवता आली नाही, मग निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्या कंत्राटदाराकडून आपण काय अपेक्षा करतो?

आता मोबाईलकडे. मोबाईल या सगळ्याला एक नवी भर घालतो, ती म्हणजे अधीर अंगठा. अँड्रॉइडमध्ये ॲपचा पडदा सांभाळणारा कामाचा धागा, म्हणजे 'थ्रेड', एकच असतो. तो दुसऱ्या कामात अडकून पाच सेकंद बोटाला दाद देईनासा झाला, की 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते. शेतात रेंज एक काडी. माणूस पुन्हा बटण दाबतो. आता विनंत्या दोन झाल्या. पहिली पोहोचलीच नव्हती, की पोहोचली होती आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं? फोनला कळायला मार्ग नाही. चांगल्या ॲपमध्ये प्रत्येक कामाला फोनवरच एक क्रमांक लागतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर म्हणतो, हे झालेलं आहे, ही घ्या पावती. वाईट ॲपमध्ये खत दोनदा मागवलं जातं आणि पैसे दोनदा जातात.

हाच अंगठा यंत्राला लागला की काय होतं, ते १२ एप्रिल २०२५ ला देशाने पाहिलं. त्या शनिवारी यूपीआय कोलमडलं. चहाच्या टपरीपासून आडतीपर्यंत लोक खिसे चाचपायला लागले. नंतर जे कारण पुढे आलं त्यात दोष पैसे पाठवण्याचा नव्हता, पैसे पोहोचले का हे पुन्हा पुन्हा विचारण्याचा होता. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा मारा करत होत्या. यंत्रणा मंद झाली म्हणून जास्त विचारणा, जास्त विचारणेमुळे यंत्रणा आणखी मंद. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने मग बँकांना शिस्त लावली. व्यवहारानंतर ९० सेकंद थांबा, मगच स्थिती विचारा, आणि दोन तासांत तीनदाच विचारा. महिन्याला दोन हजार कोटींच्या घरात व्यवहार करणाऱ्या यंत्रणेवरचा हा उपाय होता. सेवा केंद्रावरच्या पोराने उघडलेल्या चार खिडक्या आणि बँकेचा तो मारा यात तत्त्वाचा फरक काहीच नाही. फरक एवढाच की बँकेला ९० सेकंदांचा नियम घालता येतो. ज्याचे ७२ तास संपत आलेत त्याला 'थांब' कोण म्हणणार?

धंद्याच्या दृष्टीने यात आणखी एक गंमत आहे. क्लाउडवर गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, आणि भाडं वापराच्या वेळेवर लागतं. म्हणजे ॲपमधल्या चुकीमुळे त्याच त्या विनंत्या दहा वेळा आल्या, तर त्या फुकट गर्दीच्या सोयीसाठी मालकच भाडं भरतो. ॲपचा पहिला हंगाम बरा गेला म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि महिनाअखेर बिल पाहून डोक्याला हात लावणाऱ्या मंडळींना मी भेटलो आहे.

मग नुकसान झालंच तर? क्लाउडच्या करारात सेवेची हमी टक्क्यांत दिलेली असते. ९९.९ टक्के म्हटलं की ऐकायला भरघोस वाटतं, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्या उरलेल्या अंशाची सुमारे ४३ मिनिटं होतात. हमी मोडली तर सामान्यतः बिलात सूट मिळते. तुमचा बुडालेला धंदा भरून मिळत नाही. धंदा केवढा बुडू शकतो ते पाहा. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाली पेढी. १ ऑगस्ट २०१२ ला तिने आठपैकी सात सर्व्हरवर नवी आज्ञावली चढवली, आठवा जुन्याच आज्ञावलीवर राहिला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. त्या वर्षाअखेर पेढी दुसऱ्याच्या हाती जायचं ठरलं. अशा नुकसानीपुढे सर्व्हरच्या भाड्यातली सूट काय कामाची?

याच्या उलट एक नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला केला, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. यूपीआयने पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवस. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता. काही क्षण विचार करा, या नियमाने काय केलं. कोणत्या सर्व्हरची चूक, कोणती रेस, कोणती रेंज, याची चौकशी ग्राहकाच्या माथी मारलीच नाही. शंभर रुपये ही रक्कम लहान आहे, पण लाखो व्यवहारांनी गुणली की बँकेच्या संचालकांना दिसते. तेव्हा कुठं कोणीतरी विचारतो, आपला काटा कुठं आहे रे?

पीकविम्याच्या ७२ तासांच्या मागे असा एकही रुपया उभा नव्हता. ॲप उघडलं नाही, तर तो तांत्रिक बिघाड. सूचना वेळेत पोहोचली नाही, तर ती शेतकऱ्याची त्रुटी. बिघाड एकाचा आणि त्रुटी दुसऱ्याची, हे गणित कोणत्या रीतीने सुटतं? विमा कंपनी म्हणेल, फोन होता, बँक होती. होती, पण पूर आलेला असताना बँकेपर्यंतचा रस्ताही पाण्याखालीच असतो.

२०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि वैयक्तिक सूचनेवरची भरपाईही बाजूला ठेवली, आता मदार पीक कापणी प्रयोगांवर. त्यामुळे हा विषय संपला असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की रानटी जनावरांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेता येईल. रानडुकरं आणि हरणं काय करतात ते इथं सांगायला नको. पण अट वाचा, नुकसान ७२ तासांच्या आत ॲपवर, जागेच्या नोंदीसह फोटो काढून कळवायचं. फोटो म्हणजे आणखी जड विनंती, आणि तीही जिथं रेंज सगळ्यात कमी त्या शिवारातून.

म्हणून इथल्या शेतकरी संघटनांनी, पतसंस्थांच्या संचालकांनी आणि ॲप बनवू पाहणाऱ्या आपल्या पोरांनी एक मागणी आतापासून लावून धरावी. ७२ तासांचं घड्याळ सर्व्हरवर पोहोचण्याच्या वेळेवर चालता कामा नये. ते फोनवर बटण दाबल्याच्या वेळेवर चालावं. फोटो, जागा, वेळ आणि एक क्रमांक फोनमध्येच बंद व्हावा, शेतकऱ्याला त्याच क्षणी पावती दिसावी, आणि रेंज मिळेल तेव्हा, दोन दिवसांनी का होईना, ते सगळं वर जावं. एकाच क्रमांकाची सूचना दहादा गेली तरी एकदाच धरावी. अशाने गर्दी आपोआप पसरते, काट्यावरचा ताण उतरतो आणि सर्व्हरही कमी लागतात.

यावर पहिला आक्षेप येईल, तो योग्यच आहे. फोनचं घड्याळ मागं करता येतं. आठ दिवसांपूर्वीचं नुकसान कालचं म्हणून दाखवणारा निघेल, बोगस अर्जांचा अनुभव या योजनेला आहेच. पण जागा ठरवण्यासाठी फोन ज्या उपग्रहांचा संकेत घेतो, त्याच संकेतात अचूक वेळही असते, आणि ती फोनच्या घड्याळाच्या मर्जीवर नसते. जागा खोटी दाखवणारी ॲप आहेत, त्यांच्याशी झगडावं लागेल. काही लबाड तरीही निसटतील. ते किती निसटतील आणि आजच्या पद्धतीत किती प्रामाणिक लोक गळतात, हे दोन्ही आकडे शेजारी मांडून दाखवा, असं विमा कंपनीला विचारता येतं. तालुक्याच्या पातळीवर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकायचा, की मुदतीच्या शेवटच्या सहा तासांत किती विनंत्या आल्या, किती अपुऱ्या राहिल्या आणि अपुऱ्या राहिलेल्यांचं पुढे काय केलं. ही नोंद सर्व्हरवर ठेवता येते. ठेवली नसेल तर पुढच्या निविदेत ती ठेवण्याची अट घालायला लावता येते, आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असायची गरज नाही.